गोदाकाठचा सिंह आणि काश्मीरचे पंडित

गोदावरीच्या काठी वेलींची एक दाट जाळी आहे. गावातली एक बाई आणि तिचा प्रियकर तिथे चोरून भेटतात. पण एक धार्मिक गृहस्थ फुलं तोडायला नेमका तिथेच येतो आणि त्यांच्या एकांताचा विचका करतो. तिथल्या कुत्र्याला तो भितो, तरी यायचं काही सोडत नाही. शेवटी ती बाई त्याला मोठ्या आदरानं सांगते की महाराज, आता खुशाल फिरा. त्या कुत्र्याला आजच जाळीतल्या माजलेल्या सिंहानं मारून टाकलं.

ती म्हणाली ‘फिरा’ आणि ऐकणाऱ्याला कळलं ‘पाऊल टाकू नका’.

हालाच्या ‘गाथासप्तशती’तली ही दोन ओळींची गाथा महाराष्ट्री प्राकृतात आहे. प्रियकर, फुलं, एकांत हे सगळं टीकाकारांनी सांगितलेलं. गाथेत आहे फक्त त्या बाईचं बोलणं. पैठणच्या सातवाहनांशी ज्या संग्रहाचं नाव जोडलेलं आहे, त्यातली ही चतुर बाई पुढे काश्मिरात जाऊन पोचली आणि तिच्या त्या एका वाक्यावरून तिथले पंडित दोनशे वर्षं एकमेकांशी भांडत राहिले. शाळेत आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना अशी ओळीनं पाठ केलेली नावं या भांडणात तासून निघाली आहेत. पाठ्यपुस्तकांत ती व्याख्या आणि उदाहरण अशा शिस्तीत बसलेली दिसतात, तेव्हा त्यांच्यामागे केवढी हमरीतुमरी झाली होती याचा पत्ताही लागत नाही.

सुरुवातीला मामला साधा होता. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. नटानं काय बोलावं, कसं बोलावं एवढ्यापुरतं ते प्रकरण. मग भामह आणि दंडी आले, यादी वाढली, आणि काव्य म्हणजे सजवलेली भाषा हा समज पक्का झाला. आठव्या शतकाच्या शेवटी काश्मीरच्या गादीवर जयापीड होता. कल्हणाच्या राजतरंगिणीत नोंद आहे की त्याच्या दरबारात भट्ट उद्भट हा सभापती होता आणि त्याला रोज एक लाख दिन्नार मिळत. आकडा डोळे दिपवणारा आहे खरा, पण काश्मिरातला दिन्नार हे सोन्याचं नाणं नव्हतं, ते हिशेबाचं अगदी बारीक एकक होतं. तरी अलंकारांवर लिहिणाऱ्या माणसाला राजा रोजचा मुशाहिरा देतो आणि इतिहासकार तीनशेहून अधिक वर्षांनी तो मुद्दाम नोंदवतो, यातून त्या विद्येचा तिथला भाव कळतो.

उद्भटानं एक्केचाळीस अलंकारांच्या व्याख्या केल्या आणि उदाहरणांसाठी स्वतःचंच ‘कुमारसंभव’ वापरलं. कालिदासाचं काव्य हाताशी असताना त्याच नावाचं आणि त्याच विषयाचं आपलं काव्य पुढे करायला छाती लागते. त्याच दरबारात वामन मंत्री होता. त्यानं प्रश्नच बदलला. दागिने मोजत बसण्यापेक्षा ते ज्याच्या अंगावर घालायचे त्या काव्याचा आत्मा कोणता, असं त्यानं विचारलं आणि उत्तर दिलं: रीती, म्हणजे पदांची विशिष्ट रचना. त्यानं तीन रीती मानल्या, वैदर्भी, गौडी आणि पांचाली, आणि सर्व गुणांनी युक्त म्हणून पहिला मान वैदर्भीला दिला. वितस्ता नदीच्या काठी बसलेल्या मंत्र्यानं निर्वाळा दिला की उत्तम लिहिणं ते विदर्भाचं. वऱ्हाडी माणसानं ही गोष्ट खुशाल मिरवावी.

वामनाच्या उत्तरापेक्षा त्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. काव्याला आत्मा असतो असं एकदा म्हटलं की दुसरा कोणीतरी येऊन तो आत्मा दुसरीकडे दाखवणार, हे ठरलेलंच.

तो दुसरा माणूस आला अवंतिवर्म्याच्या कारकिर्दीत, म्हणजे 855 ते 883 या काळात. या राजाच्या पदरी सुय्य नावाचा विलक्षण माणूस होता. त्यानं वितस्तेचं पात्र मोकळं केलं, बांध घातले, पुराखाली जाणारी जमीन लागवडीला आणली. कल्हण सांगतो की पूर्वी चांगल्या सालातही दोनशे दिन्नारांना मिळणारी तांदळाची खारी त्यानंतर छत्तीस दिन्नारांना मिळू लागली. काव्याच्या आत्म्याची चर्चा ऐन भरात आली ती नेमकी तांदूळ स्वस्त झालेल्या या दिवसांत. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

आनंदवर्धन याच काळातला. संस्कृतात लिहिणारा, पण ‘विषमबाणलीला’ हे काव्य त्यानं प्राकृतात रचलं होतं, आणि आपल्या ‘ध्वन्यालोका’त त्यानं प्राकृत गाथांना हक्काची जागा दिली. गोदाकाठची बाई इथे प्रवेश करते. आनंदवर्धनाचं म्हणणं असं की शब्दाचा सरळ अर्थ सांगणारी शक्ती अभिधा. ती ‘फिरा’ एवढं सांगून थांबली. सरळ अर्थ जुळत नसला की लक्षणा मदतीला येते. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटलं तर पाण्यावर वाडा वसत नाही, म्हणून आपण ‘काठावर’ असा अर्थ घेतो. पण इथे सरळ अर्थात अडतंय कुठे? ‘कुत्रा मेला, फिरा’ हे वाक्य अगदी सुसंगत आहे. म्हणजे लक्षणेला यायला दारच नाही. तरीही ‘येऊ नका’ हा अर्थ श्रोत्याच्या मनात उभा राहतो, तोही सांगितलेल्याच्या थेट उलट. मग तो दिला कोणी? आनंदवर्धनानं उत्तर दिलं की शब्दाला तिसरीही एक शक्ती आहे, व्यंजना. तिनं सुचवलेला अर्थ जिथे प्रधान असतो ते काव्य म्हणजे ध्वनी, आणि तोच काव्याचा आत्मा.

जोडीला त्यानं गाथासप्तशतीतलीच दुसरी एक बाई उभी केली. ती वाटसरूला रात्री इकडे येऊन पडू नकोस असं बजावते आणि बजावता बजावता सासू कुठे झोपते, आपण कुठे झोपतो हे नीट दाखवून देते. पहिलीच्या बोलण्यात परवानगी असून अर्थ मनाईचा, दुसरीच्या बोलण्यात मनाई असून अर्थ आमंत्रणाचा. शास्त्रग्रंथासाठी इतकी नेमकी जोडी शोधून काढणारा माणूस रसिक होता यात शंका नाही.

विरोध होणार हे त्याला ठाऊक होतं. ग्रंथाच्या आरंभीच तो तीन प्रकारचे विरोधक उभे करतो. एक म्हणतात, ध्वनी असं काही नाहीच. दुसरे म्हणतात, आहे, पण ती लक्षणाच. तिसरे म्हणतात, आहे, पण ते शब्दांत सांगता येत नाही. मला यातले तिसरे सर्वांत चिवट वाटतात. कवितेबद्दल काही बोलूच नये, नुसता आनंद घ्यावा, असं सांगणारे आजही प्रत्येक साहित्य संमेलनात भेटतात.

पुढच्याच पिढीत जयंत भट्टानं ‘न्यायमंजरी’त ध्वनिवाल्यांना स्वतःला पंडित समजणारे म्हणून झटकून टाकलं. जयंत नैयायिक. गाथेतल्या बाईचा अर्थ प्रमाणांच्या नेहमीच्या चौकटीत बसवता येतो, त्यासाठी नवी शक्ती कशाला, असा त्याचा रोख. आणखी एक विरोधक निघाला तो आपल्याकडचा. प्रतिहारेंदुराज स्वतःला कोकणचा म्हणवतो. तो मुकुलभट्टाचा शिष्य, आणि मुकुलाचे वडील भट्ट कल्लट अवंतिवर्म्याच्या काळातले सिद्ध पुरुष. कोकणातला हा माणूस काश्मिरी गुरूपाशी शिकला, उद्भटाच्या ग्रंथावर त्यानं टीका लिहिली आणि तीत सांगितलं की ज्याला हे लोक ध्वनी म्हणतात ते सगळं जुन्या अलंकारांच्या पोटात मावतं. गुरू मुकुलभट्टाचं मत आणखी वेगळं: त्यानं सगळ्या अर्थव्यवहाराला अभिधेच्याच छत्राखाली घेतलं. वर्ग एकच, विरोधक एकच, पण गुरुशिष्यांची हत्यारं वेगळी.

भट्टनायकानं वेगळीच बाजू धरली. गाथेत साधा सिंह नाही, माजलेला सिंह आहे. आणि ऐकणारा साधा माणूस नाही, ‘धार्मिक’ आहे. या शब्दांनी वाचक भयानक रसात शिरतो आणि म्हणून मनाईचा अर्थ लागतो, असं त्याचं म्हणणं. यावर ‘ध्वन्यालोका’चा टीकाकार अभिनवगुप्त यानं त्याला फैलावर घेतलं. पण त्याच भट्टनायकाची एक कल्पना अशी होती की ती टाकून देणं कोणालाच परवडलं नाही. रंगमंचावर दुष्यंत शकुंतलेला पाहतो तेव्हा प्रेक्षकाला नेमकं काय होतं? आधीच्या आचार्यांपैकी लोल्लटाच्या मते भाव मूळ पात्राचा. शंकुकाच्या मते चित्रातल्या घोड्याला आपण जसं घोडा म्हणून ओळखतो तसा नटावरून त्या भावाचा अंदाज बांधायचा. भट्टनायक म्हणाला की ते प्रेम दुष्यंताचं राहत नाही आणि प्रेक्षकाचं खाजगीही होत नाही. काव्य त्याला व्यक्तीपासून सोडवतं, सर्वांचं करतं. साधारणीकरण म्हणतात ते हेच. दुःख दुसऱ्याचं असताना आपल्याला का रडू येतं आणि तरी ते रडू हवंसं का वाटतं, याचं इतकं चांगलं उत्तर त्याआधी कोणी दिलं नव्हतं.

अभिनवगुप्तानं भट्टनायकाची परिभाषा खोडली, कल्पना ठेवून घेतली. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अकराव्याच्या सुरुवातीला तो लिहीत होता. त्याच्या एका ग्रंथाच्या शेवटी दिलेला काळ 1014-15 चा आहे. ‘ध्वन्यालोका’वर ‘लोचन’ आणि नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ अशा त्याच्या दोन टीका. आधीच्या आचार्यांची मतं आपण दूषित केली नाहीत, शुद्ध केली, असं तो सांगतो. वाचताना मात्र शुद्धीकरण बरंच जहाल वाटतं.

आता प्रकरण मिटलं असं वाटावं, तोच महिमभट्ट उभा राहिला. या साऱ्या मंडळींत माझं मन त्याच्यावर जडलं आहे. त्याचा ‘व्यक्तिविवेक’ एकाच हेतूनं लिहिलेला: ध्वनी म्हणून जे जे काही सांगतात ते सगळं अनुमान आहे हे दाखवणं. शब्दाला अभिधा ही एकच शक्ती. धूर पाहिला की अग्नी कळतो, तशीच बाईच्या बोलण्यावरून मनाई कळते. कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असेल तिथे जाणार नाही. जाळीत सिंह आहे. म्हणून तिथे जाऊ नये. झालं! यात गूढ काय आहे? आरंभीच त्यानं एक कबुली देऊन ठेवली आहे. भट्टनायकाचा ‘हृदयदर्पण’ हा ग्रंथ त्याला पाहायला मिळाला नव्हता. तो म्हणतो की माझी बुद्धी कीर्तीला भेटायला अभिसारिकेसारखी घाईनं निघाली, ‘दर्पणा’त न पाहताच, तेव्हा साजशृंगारात काही चुकलं असेल तर तिला कसं कळावं? अलंकारशास्त्राच्या ग्रंथात संदर्भग्रंथ न मिळाल्याची तक्रार श्लेषात करणारा लेखक मला दुसरा माहीत नाही.

महिमभट्टाला उत्तर दिलं मम्मटानं, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्लासात. तो बाईला सोडून थेट महिमभट्टाच्या अनुमानालाच हात घालतो, न्यायशास्त्राच्याच हत्यारांनी. भित्रा माणूस सिंह असलेल्या जागी जाणारच नाही, हे कशावरून? गुरूची किंवा धन्याची आज्ञा झाली, प्रेयसीची ओढ लागली, तर भित्राही जातो. म्हणजे हेतू, अर्थात अनुमानाचा आधार, डळमळीत. शिवाय कुत्र्याला टाळणारा माणूस शूर असल्यामुळे सिंहाला न भिणाराही असू शकतो. म्हणजे हेतू उलटा. आणि मुळात गोदाकाठी सिंह आहे हे ठरलं कशावरून? कोणी पाहिला नाही, कोणी अनुमानानं सिद्ध केला नाही. तो आहे तो केवळ एका बाईच्या बोलण्यात, आणि तिचं बोलणं खरंच असेल असा काही नियम नाही. म्हणजे हेतूच असिद्ध. सिंहाच्या अस्तित्वाबद्दल ही पहिली जाहीर शंका! गाथा वाचणाऱ्या प्रत्येकाला मनोमन माहीत असतं की तिथे सिंहबिंह काही नाही. तर्काला मात्र तेवढ्याशा गोष्टीसाठी हेत्वाभासांची फौज आणावी लागते, आणि मम्मटाचा मुद्दाही तोच आहे. खोट्या सिंहावरून खरा अर्थ कळत असेल, तर ते अनुमान नव्हे.

मम्मटाचा विजय झाला तो युक्तिवादाइतकाच मांडणीमुळेही. त्यानं रस, ध्वनी, गुण, दोष, अलंकार अशी सगळी भांडणं दहा उल्लासांत घडी घालून बसवली. शब्दशक्ती दुसऱ्या-तिसऱ्यात, दोष सातव्यात, गुण आठव्यात, शब्दालंकार नवव्यात, अर्थालंकार दहाव्यात. ग्रंथ त्याच्या हातून पुरा झाला नाही. परिकर अलंकारापाशी तो थांबला आणि पुढचं अल्लटानं पूर्ण केलं, अशी परंपरा आहे. ‘काव्यप्रकाशा’तली अर्थालंकारांची संख्या साठावर गेली होती. पुढे जयदेव आणि अप्पय्य दीक्षित यांनी ती शंभरी गाठून ओलांडली. भरताच्या चार अलंकारांची ही संतती. या ग्रंथावर इतक्या टीका झाल्या की घरोघरी टीका, तरी ग्रंथ आहे तसाच दुर्गम, असं म्हणायची पद्धत पडली. त्याच्याबद्दलची दंतकथाही गोड आहे. ‘नैषधा’चा कर्ता श्रीहर्ष आपलं काव्य घेऊन मामाकडे, म्हणजे मम्मटाकडे गेला. मामा वाचून म्हणाला, अरे, आधी का नाही दाखवलंस? दोषांची उदाहरणं शोधत मला साऱ्या साहित्यात हिंडावं लागलं नसतं. श्रीहर्ष बाराव्या शतकातला, तेव्हा कालाच्या हिशेबात हे बसत नाही. पण काव्यदोषांचा तो उल्लास वाचलेल्या कोणालाही ही दंतकथा रचणाऱ्याचं दुःख समजेल.

मम्मटाच्या आधी, अभिनवगुप्ताच्या काळाच्या आसपास कुंतकानं वक्रोक्ती हेच काव्याचं जीवित म्हटलं, आणि अभिनवगुप्ताचा शिष्य क्षेमेंद्र यानं औचित्याला तो मान दिला. क्षेमेंद्राचं एक वागणं फार आवडतं: अनौचित्याची उदाहरणं देताना त्यानं स्वतःचे श्लोकही काढून दाखवले.

बाराव्या शतकात या मंडळींची एक सभा आपल्याला जवळून पाहता येते. मंखानं आपलं ‘श्रीकंठचरित’ हे महाकाव्य पुरं झाल्यावर ते वाचून दाखवायला पंडितांना बोलावलं, आणि शेवटच्या सर्गात कोण कोण आलं ते लिहून ठेवलं. सभा भावाच्या घरी. भाऊ जयसिंह राजाचा मंत्री, आणि त्याचं नाव, योगायोग पाहा, अलंकार. ‘अलंकारसर्वस्व’कार रुय्यक, मंखाचा गुरू, तिथे होता. आणि तिथेच तेजकंठ नावाचा पाहुणा होता, कोकणच्या शिलाहार अपरादित्याचा राजदूत. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘अपरार्क’ टीका याच अपरादित्याच्या नावावर आहे आणि ती काश्मिरी पंडितांत चांगलीच रुजली. कोकण आणि काश्मीर यांच्यात माणसं आणि पोथ्या दोन्ही ये-जा करत होत्या.

त्यानंतर काश्मिरातला तो बहर ओसरला. पोथ्या मात्र राहिल्या, भूर्जपत्रांवर शारदा लिपीत लिहिलेल्या. 1875 साली मुंबई सरकारच्या शिक्षण खात्यातले गेओर्ग ब्यूलर त्या शोधायला काश्मिरात गेले. त्यांचा अहवाल 1877 मध्ये छापून आला. पोथ्यांची शाई कशी करतात तेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. बदाम जाळून कोळसा करायचा आणि तो गोमूत्रात उकळायचा. ही शाई पाण्यानं जात नाही, त्यामुळे मळलेली पोथी चक्क धुता येते. पण पोथ्या खरखरीत कातड्यात बांधलेल्या, त्यामुळे घासून घासून पहिली-शेवटची पानं गळून पडत. गळालेला मजकूर पंडित आपल्या पदरचा घालून भरून काढत. नव्या प्रती ‘पूर्ण करून’ हव्यात की आहेत तशा, असं ब्यूलर यांना भाबडेपणानं विचारण्यात आलं. एका पंडितानं तर एका पुराणाचा बराच मोठा भाग आपणच रचून घातल्याचं पश्चात्तापानं सांगितलं.

त्या पोथ्यांचा मोठा गठ्ठा पुण्याला डेक्कन कॉलेजात आला, आणि नंतर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात गेला. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं 1886 पासून ‘काव्यमाला’ चालवली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी त्या मालेत 1891 मध्ये ‘ध्वन्यालोक’ काढला, ‘लोचना’च्या तीन उद्योतांसह. चौथा उद्योत हाती आला नव्हता. तो छापून यायला 1923 उजाडलं. वामनाचार्य झळकीकरांनी ‘काव्यप्रकाशा’वर ‘बालबोधिनी’ टीका लिहिली. नावात बाल असलं तरी ग्रंथ चांगला जाडजूड आहे, आणि आज मम्मट वाचणारा बहुधा तिचंच बोट धरून चालतो. कोकणच्या प्रतिहारेंदुराजाची टीका नारायण दासो बनहट्टी यांनी 1925 साली पुण्यातून संपादित केली. पां. वा. काण्यांनी ‘साहित्यदर्पणा’च्या आपल्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना वाढत वाढत अलंकारशास्त्राचा स्वतंत्र इतिहासच झाली, आणि उद्भटापासून मम्मटापर्यंत कोण आधी, कोण नंतर याचा गुंता तिथे बराच सुटला. मराठीतून ही सगळी परंपरा सलग वाचायची तर ग. त्र्यं. देशपांड्यांचं ‘भारतीय साहित्यशास्त्र’ आजही पहिलं हाती घ्यावं.

काही ग्रंथ अगदी दुसऱ्या टोकाला सापडले. ‘व्यक्तिविवेक’ 1909 मध्ये त्रिवेंद्रममधून आला. ‘अभिनवभारती’च्या पोथ्या केरळात निघाल्या, आणि इतक्या अशुद्ध की तिचा पहिला खंड 1926 मध्ये बडोद्याहून निघाला तेव्हा, स्वतः अभिनवगुप्त स्वर्गातून उतरला तरी त्याला आपला मूळ पाठ लावता येणार नाही, अशा अर्थाचं कोणीतरी म्हटल्याचं प्रसिद्ध आहे.

महिमभट्टाला पाहायला न मिळालेला ‘हृदयदर्पण’ मात्र अजूनही सापडलेला नाही. साधारणीकरणाची कल्पना ज्यानं दिली, त्याचं म्हणणं आपण आज वाचतो ते बहुतेक अभिनवगुप्तानं खोडून काढण्यासाठी दिलेल्या उताऱ्यांतून.